हातचा एक

ग्युम्रीत तेव्हा आम्ही पत्र्याच्या घरात राहायचो,
भूकंपानंतर 'तात्पुरतं' म्हणून मिळालेल्या.
त्या तात्पुरत्यात मी चौदा वर्षांची झाले.

बाबा क्रास्नोदारहून परत आले होते,
तिथल्या बांधकामावर पाठ गमावून.
दर महिन्याचं पाकीट आता येणार नव्हतं.
पाकिटाऐवजी माणूस आला होता.

आमचा हिशेब तोवर वार्दगेसच्या दुकानात राहायचा,
त्याच्या वहीत, त्याच्या अक्षरात.
पाव, साखर, पाव, काडेपेटी, पाव.
आमचं पान मळून कानाच्या पाळीसारखं मऊ झालं होतं.

मग आईने एक वही आणली.
ती मात्र रोखीने.
दर रविवारी जेवणं झाली की टेबल पुसायचं,
बिस्किटांचा डबा मधोमध ठेवायचा
आणि ज्याने त्याने सांगायचं, काय आलं, काय गेलं.
बेरीज न्शानकडे, कारण तो नऊ वर्षांचा
आणि त्याला अजून कुणाची भीड नव्हती.

पहिले दोन रविवार जुळले.
तिसऱ्या रविवारी डब्यात हजार द्राम कमी.

शेगडीत लाकूड तडकलं.
कुणी कुणाकडे बघेना.
'पुन्हा कर,' आई म्हणाली.
न्शान जीभ बाहेर काढून पुन्हा वरून सुरू झाला.

तेवढ्यात बाबांनी घसा साफ केला.
लेवोनचा नळ दुरुस्त केला होता, म्हणाले,
बाराशे मिळाले, इथे सांगितले नाहीत.
निम्मे ओढले.
आमच्या समजुतीप्रमाणे त्यांनी सिगारेट सोडून
तेव्हा सहा महिने झाले होते.

आई फडक्याची घडी घालत राहिली.
घातलेली मोडून पुन्हा घातली.
मग फडक्यालाच सांगावं तसं म्हणाली,
शाळेच्या पडद्यांना टीप मारली त्याचे पंधराशे
दोऱ्यांच्या डब्यात आहेत.
'सरपणाला ठेवलेत.'

आता दोघं माझ्याकडे बघत होते.
चौदा वेळा मी शाळेतून पायी आले होते,
बर्फातून, बसचे पन्नास पन्नास वाचवत.
सातशे झाले होते.
मला लाल बूट हवे होते
आणि मागायचे नव्हते.
आई एवढंच म्हणाली, 'म्हणून मोजे ओले.'

'हातचा!' न्शान ओरडला.
'हातचा एक धरायचाच राहिला!'
शेकड्यातून हजारात न्यायचा तो एक
त्याने वहीच्या कडेला लिहिला होता
आणि त्यावर सूर्यफुलाच्या बीचं टरफल पडलं होतं.

डबा बरोबर होता.
कुणी काहीच घेतलं नव्हतं.
आम्ही तिघं मात्र सगळं ओकून बसलो होतो
आणि ते आता गिळता येत नव्हतं.

आधी बाबा हसले, पाठीला जपत,
मग पाठीला न जुमानता.
न्शानला हसायला वेळ नव्हता.
हे सगळं जमेत धरायचं का, तो विचारत होता,
आणि बाबांच्या धुराचं काय करायचं?
'खर्चात,' आई म्हणाली. 'सिगारेट. ठळक लिही.'
त्याने ठळक लिहिलं, एक अक्षर गाळून.

वार्दगेसचं पान मिटायला पुढचा जून उजाडला.
त्याने आमच्या नावावर रेघ मारली तेव्हा
बाबा इस्त्रीचा सदरा घालून बघायला गेले होते.
लाल बूट आले नाहीत. तपकिरी आले, एक माप मोठे,
पुढच्या हिवाळ्यालाही पुरतील असे.

राहता राहिलं एक.
त्या रविवारनंतर दोनच दिवसांनी सुई शोधताना
मी दोऱ्यांचा डबा उघडला.
पंधराशे वहीत गेले होते.
तळाशी, काळ्या रिळाखाली, आणखी आठशे होते,
चार घड्या घातलेले.
मी झाकण लावलं.

पुढच्या रविवारी टेबल पुसून आईने विचारलं,
'सगळ्यांचं सांगून झालं?'
आम्ही हो म्हटलं.
मी जरा जास्तच मोठ्याने.